गणपती झाले की पित्त, शिमगा आला की सर्दी: ऋतू बदलताना नेमकं कुठं चुकतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, मूळ गाव दापोलीजवळ, नऊ वर्षं पुण्यात, आयटीतली नोकरी, कामाची वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. दरवर्षी गणपती विसर्जन झालं की पंधरा दिवसांत छातीत जळजळ, तोंड येणं, डोळ्यांची आग आणि पाठीवर पुरळ सुरू होतं. दिवाळीपर्यंत ते पिच्छा सोडत नाही. थंडी बरी जाते. मग शिमग्याच्या सुमारास नाक चोंदतं, कपाळ जड होतं, सर्दी महिनाभर रेंगाळते. २०२० पासून रोज उठल्यावर गरम पाण्यात लिंबू-मध, त्यानंतर सुंठ-मिरी-दालचिनीचा काढा, रात्री पित्तासाठी अविपत्तिकर चूर्ण. पहाटे घरी आल्यावर पोहे किंवा ब्रेड-ऑम्लेट खाऊन झोप. आणि प्रश्न असा, की आयुर्वेदाचं इतकं सगळं पाळूनही दरवर्षी ठरलेल्या वेळी आजारी का पडतो?

‘ठरलेल्या वेळी’ हे तुमचेच शब्द, आणि अर्धं निदान त्यांतच आहे. जो त्रास दरवर्षी त्याच पंधरवड्यात येतो, त्याची तयारी आधीच्या ऋतूत झालेली असते. पावसाळ्यात भूक मंदावते, अन्न आणि पाणी दोन्ही आंबट पाकाकडे झुकतं आणि पित्त हळूहळू साठतं. हवा गार असते, म्हणून ते उफाळत नाही. मग पाऊस उघडतो, आश्विनातलं ऊन चटकन तापतं आणि साठलेलं पित्त बाहेर पडतं. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात, ऋतुचर्येच्या अध्यायात याचं कारण एका शब्दात सांगितलंय: ‘सहसैव’. पावसाच्या गारव्याला सरावलेल्या शरीरावर सूर्यकिरण एकाएकी पडतात, म्हणून शरदात पित्त कोपतं. त्याच अध्यायाच्या शेवटी हाच शब्द पुन्हा येतो. जुनी सवय ‘सहसा’ सोडली किंवा नवी ‘सहसा’ धरली, की असात्म्यातून, म्हणजे शरीराला न मानवण्यातून, रोग होतात, असं तिथे सांगितलंय. ऊन एकाएकी आलं ते आपल्या हातात नाही. ताट एकाएकी बदलणं किंवा अजिबात न बदलणं मात्र आपल्याच हातात असतं.

तुमच्या बाबतीत दुसरी गोष्ट झाली आहे. ताट आणि काढा दोन्ही बारा महिने तेच राहिले.

काढ्यापासून सुरुवात करतो, कारण २०२० पासून तो घरोघरी मुक्कामाला आला आहे. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा सुचवला होता. तो काळ वेगळा होता. त्यानंतर मनुका मागे पडल्या, मिरी वाढली आणि काढा वर्षभराचा झाला. मिरी, सुंठ, दालचिनी ही उष्ण, तिखट द्रव्यं. भर आषाढात, गार वाऱ्यात भिजून आल्यावर ती औषध आहेत. आश्विनात, जेव्हा पित्त मुळातच उसळलेलं असतं, तेव्हा रिकाम्या पोटी तीच द्रव्यं घेणं म्हणजे तापलेल्या तव्याखाली आणखी जाळ घालणं. त्याच्या आधी लिंबू, तेही रिकाम्या पोटी. आणि मध गरम पाण्यात घालू नये, उष्ण पदार्थांबरोबर घेऊ नये, हे आयुर्वेदाचं स्पष्ट सांगणं आहे. लिंबू-मधाचा हा सकाळचा प्रकार शास्त्रातला म्हणून सांगितला जातो, पण तो शास्त्राच्या उलट आहे.

तरीही उद्याच काढा बंद करा असं मी सांगणार नाही. पाच वर्षं रोज घेतलेली गोष्ट शरीराला सरावाची झालेली असते. चरकाने यासाठी पादांशिक क्रम सांगितला आहे: सोडायचं ते पाव-पाव भागाने सोडायचं, धरायचं तेही पाव-पाव भागाने धरायचं. काढ्याचं भांडं तेच ठेवा, आतलं बदला. पहिले तीन-चार दिवस मिरी काढा आणि तेवढे धणे घाला. पुढचे तीन-चार दिवस दालचिनीही काढा आणि चिमूटभर जिरं घाला. मग सुंठ निम्मी, आणि शेवटी सुंठही नाही. पंधरा दिवसांनी तुमच्या भांड्यात धणे, जिरं आणि दहा-बारा काळ्या मनुका उरतील. ते झोपण्याआधी पाण्यात भिजवा, उठल्यावर कुस्करून, गाळून प्या, उकळायचीही गरज नाही. हे शरदाचं पेय. लिंबू-मधाचं पाणी मात्र पहिल्याच दिवसापासून साध्या कोमट पाण्यावर आणा. त्याला क्रम लागत नाही.

आता तुमच्या आईचा मुद्दा. तुम्ही लिहिलंय, ‘आई वर्षभर कुळथाची पिठी करते, तिला काही होत नाही.’ हे मला फार मोलाचं वाटलं, कारण इथे देश आणि काळ दोन्ही येतात. दापोली म्हणजे आनूप देश. पाणी मुबलक, हवा दमट. कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ठिकाणी वात-कफाला आवर घालणारा उष्ण कुळीथ, उकड्या तांदळाची पेज, आमसुलाचं सार हे शेकडो वर्षांच्या अनुभवातून जमलेलं ताट आहे. शिवाय तुमच्या आईचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, अंगणात-परड्यात हातपाय हलतात आणि रात्री नऊला दिवा मालवतो. पुण्यात पाऊस कोकणाच्या पाव भागाइतका. शरदाचं ऊन कोरडं आणि बोचरं. तुम्ही रात्रभर जागता आणि गावाहून आलेले सोडे, सुके बांगडे, कुळथाचं पीठ, लोणचं हे सगळं भाद्रपद-आश्विनात संपवता. खारट, आंबट आणि उष्ण, नेमकं त्याच महिन्यांत. आईचं ताट चुकीचं नाही, ते चुकीच्या गावात आणि चुकीच्या महिन्यात आलं आहे. कुळथाचं पीठ डब्यात ठेवा. थंडीत बाहेर काढा, तेव्हा चांगलं मानवेल.

महिन्यांचा हिशेब करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तकात श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद अशी मांडणी आहे. पण सुश्रुताने प्रावृट्, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा, वेगळा ऋतू मानून महिने निराळे लावले आहेत. म्हणजे त्या काळातही एकच कोष्टक सगळीकडे चालत नव्हतं. आपणही आकाश पाहावं. पाऊस उघडून सलग चार-पाच दिवस कडक ऊन पडलं, दुपारी सावली हवीशी वाटली आणि सकाळी गवतावर दव दिसलं, की शरद आला. तो एखाद्या वर्षी गणपतीतच येतो, एखाद्या वर्षी दसऱ्यापर्यंत येत नाही. जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, असे चौदा दिवस म्हणजे ऋतुसंधी. वर्षात असे सहा पंधरवडे. तुमच्यासाठी त्यातले दोनच कळीचे आहेत, वर्षा-शरद आणि शिशिर-वसंत. बाकीचे चार सध्या सोडून द्या. सगळं एकदम पाळायला गेलात तर महिन्याभरात काहीच पाळणार नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

रात्रपाळीबद्दल आता सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दोन्ही आजारांची मुळं मला इथे दिसतात.

रात्रीचं जागरण शरीरात कोरडेपणा आणतं, दिवसाची झोप स्निग्धपणा आणते आणि कफ-पित्त वाढवते. म्हणून ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपणं निषिद्ध मानलंय. पण ज्याला जागावंच लागलं, त्याच्यासाठी वाग्भटाने वाट ठेवली आहे: जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि न जेवता झोपावं. यातला ‘निम्मा वेळ’ हा भाग एखाद्या रात्रीच्या जागरणासाठी आहे असं मी मानतो. रोज रात्रपाळी करणाऱ्याला तीन तासांची झोप पुरणार नाही, त्याला सलग सहा-सात तास लागतातच. पण ‘न जेवता’ हा भाग मात्र तुमच्यासाठीच लिहिलाय असं समजा. पहाटे चार वाजता पोहे किंवा ब्रेड-ऑम्लेट खाऊन तुम्ही आडवे होता. पचन सर्वांत मंद असताना पोटात भर पडते आणि वर लगेच झोप. शरदात त्याचं आंबट पाणी घशाशी येतं. थंडीत तेच कफ साठवतं आणि होळीचं ऊन लागलं की तो कफ पातळ होऊन नाकावाटे वाहू लागतो. ऋतू दोन, आजार दोन, पण चूक एकच आहे.

माझ्याकडे रात्रपाळीचे रुग्ण पुष्कळ येतात: परिचारिका, एसटीचे चालक, कंपन्यांतले सुरक्षारक्षक, आणि गेल्या पंधरा वर्षांत तुमच्यासारखे आयटीतले. ज्यांना गुण येतो त्यांच्यात समान गोष्ट एकच दिसते, मुख्य जेवण कामावर जाण्याआधी असतं. तुम्ही साडेपाचला पोळी-भाजी-वरण-भात असं पूर्ण जेवा. मध्यरात्री साडेबारा-एकच्या सुमारास थर्मासमध्ये नेलेलं मुगाचं कढण घ्या. मूठभर हिरवे मूग तुपाच्या थेंबावर वास सुटेपर्यंत भाजायचे, पाच वाट्या पाण्यात मऊ शिजवायचे, रवीने घुसळून गाळायचे, वरून सैंधव आणि जिऱ्याची तुपातली फोडणी. शरदात फोडणीत मिरची नको, आलं नको, कोथिंबीर हवी. त्याबरोबर ओंजळभर साळीच्या लाह्या. लक्ष्मीपूजनाला आपण लाह्या-बत्तासे ठेवतो. पचायला सर्वांत हलक्या आणि पित्ताला शांत करणाऱ्या लाह्या नेमक्या याच ऋतूत घरात येतात, पण आपण त्या प्रसाद म्हणून चिमूटभर खातो आणि चकलीचा डबा संपवतो. घरी आल्यावर काही खायचं नाही. अगदी पोटात खड्डा पडला तर अर्धी वाटी गुरगुट्या भात आणि तूप, आणि झोपण्याआधी किमान तासभर बसून राहायचं.

दुपारी उठल्यावर लगेच जेवू नका. आधीचं पचलं की नाही ते पाहा: ढेकर स्वच्छ आहे का, पोट हलकं वाटतं का, शौचाला साफ झालं का, आणि खरोखर भूक लागली का. करपट ढेकर येत असताना घड्याळाकडे बघून जेवणं, ही पावसाळ्यातली माणसाची सर्वांत मोठी चूक. श्रावणातले उपास मुळात याच मंद अग्नीला, म्हणजे पचनशक्तीला, विश्रांती देण्यासाठी फार सोयीचे होते. साबुदाणा खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस खाऊन केलेला उपास मात्र रोजच्या जेवणापेक्षा जड होतो. उपास करायचाच तर वरीच्या तांदळाची पेज आणि ताक घ्या, किंवा एकवेळ जेवा.

झोपेसाठी एक साधी गोष्ट सांगतो, ती घरात असण्याची शक्यता आहे: काशाची वाटी. आजीच्या ट्रंकेत शोधा. पहाटे पाय धुऊन, पुसून, तळव्याला घरचं तूप किंवा खोबरेल लावायचं आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश घासायचं, एका पायाला पाच-सात मिनिटं. तूप काळपट होतं आणि लोक सांगतात की अंगातली उष्णता बाहेर आली. तो काळेपणा वाटीच्या धातूचा आणि तुपाचा आहे, रोगाचा नाही. त्याचा उपयोग वेगळा: डोळ्यांची आग कमी वाटते आणि झोप लवकर लागते. रात्रभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांना पादाभ्यंगाइतका स्वस्त आणि निर्धोक उपाय मला माहीत नाही. पाय पुसल्याशिवाय फरशीवर उतरू नका, घसरायला होतं.

शरदातल्या ताटाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते अवघड नाही. दुधी, पडवळ, कारलं, मूग, जुना तांदूळ, तूप, मनुका, पुढे आवळा. दही पूर्ण बंद. शरद, ग्रीष्म, वसंत या तिन्ही ऋतूंत आणि रात्री तर कधीच नाही. गोड, ताजं, पातळ ताक दुपारी चालेल. इडली-डोसा, लोणचं, पापड, सुकी मासळी आणि कॅन्टीनमधलं चायनीज दिवाळीपर्यंत लांब ठेवा. दुपारच्या उन्हात बाईकवर जाणं टाळा. आणि कार्यालयातला एसी हाही एक ऋतूच आहे, हे ध्यानात घ्या. आत आठ तास हेमंत आणि बाहेर पडल्यावर उकाडा, म्हणजे तुम्ही रोज ऋतुसंधी ओलांडता. कानाला आणि गळ्याला रुमाल ठेवा, बाहेर पडण्याआधी पाच मिनिटं जिन्यात थांबा.

अविपत्तिकर चूर्णाबद्दल कळकळीने सांगतो. ते उत्तम औषध आहे, पण त्यात जवळजवळ निम्मी साखर आणि त्याखालोखाल मोठा वाटा निशोत्तराचा, म्हणजे रेचक द्रव्याचा असतो. ते वर्षानुवर्षं रोज रात्री घेतलं की कोठ्याला चूर्णाशिवाय साफ व्हायची सवय राहत नाही. शरदात पित्तासाठी विरेचन, म्हणजे रेचक देऊन कोठा साफ करणं, सांगितलंय हे खरं, पण ते आधी स्नेहपान (औषधी तूप पिणं), मग स्वेदन (शेक देऊन घाम काढणं), मग औषध आणि नंतर पेजेपासून जेवणापर्यंतचा संसर्जन क्रम, असं वैद्याच्या नजरेखाली करायचं कर्म आहे. त्याची जागा रोजचं चमचाभर चूर्ण घेऊ शकत नाही. जवळच्या वैद्याला दाखवून ते क्रमाने कमी करा. विरेचन तुम्हाला लागेल की नाही तेही नाडी, जीभ, पोट पाहूनच ठरेल. लिहून सांगता येणार नाही. सात दिवसांत शरीरशुद्धी करून देणाऱ्या जाहिरातींकडे मात्र जाऊ नका. श्रावणात बस्ती (औषधी एनिमा), कार्तिकात विरेचन, चैत्रात वमन (उलटी करवणं) अशी वेळ शास्त्राने बांधून दिली आहे आणि प्रत्येकाला तिन्ही लागत नाहीत.

फाल्गुनातल्या सर्दीचं बोलू. ती संक्रांतीपासून रोखायची आहे. थंडीत अग्नी बळकट असतो, म्हणून डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, तीळगूळ, उडीद हे सगळं पचतं, आणि खावंच. पण माघ संपत आला, दुपारचं ऊन चटका देऊ लागलं, की लाडवांचा डबा पाव-पाव भागाने कमी करायचा. गव्हाची पोळी एका वेळेला, दुसऱ्या वेळेला ज्वारीची भाकरी. रात्रीचं दूध बंद. पाण्यात सुंठेचा तुकडा टाकून उकळलेलं पाणी दिवसभर. इथे सुंठ चालते. तीच सुंठ जी आश्विनात काढून टाकली. मध हवाच असेल तर या ऋतूत साध्या पाण्यातून घ्या. व्यायाम वाढवायचा, घाम फुटेपर्यंत, आणि आंघोळीआधी अंगाला तेलाऐवजी हरभऱ्याचं पीठ किंवा उटणं कोरडं चोळायचं. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला, ओवा, हिंग, जिरं, गूळ वाटून खातो, ते याच कफासाठी. त्याच दिवशीचं श्रीखंड दुपारच्या जेवणात दोन चमचे घ्या, रात्री नको.

नाकात अणुतेलाचे (नाकात घालायच्या औषधी तेलाचे) दोन-दोन थेंब टाकायला चरकाने प्रावृट्, शरद आणि वसंत असे तीनच काळ सांगितलेत, आणि तेही आकाश निरभ्र असताना. तुम्ही या वर्षी शरदात सुरू करा, उठल्यावर, तोंड धुऊन. सर्दी झालेली असताना, ताप असताना किंवा जेवल्यावर टाकू नका. याने मार्चमधला त्रास किती कमी होतो ते आत्ताच सांगता येणार नाही, पण पहिल्या वर्षी रेंगाळण्याचे दिवस घटले तरी योग्य दिशेने आहात.

हिरड्याबद्दल तुमच्या शेवटच्या ओळीत विचारलंय. तो ऋतूप्रमाणे निरनिराळ्या अनुपानाने, म्हणजे सोबतच्या पदार्थाने, घेतात: वर्षात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. द्रव्य एकच, सोबत बदलते. अविपत्तिकर सुटल्यावर त्याचा विचार करू, आत्ता दोन रेचक द्रव्यं एकत्र नकोत. गुळवेलही मनाने सुरू करू नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या वापरानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तरी नीट न ओळखलेली वेल आणून महिनोन्महिने रस पिणं मी कुणालाच सांगत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमधही असंच मनाने रोज घेऊ नये.

काही लक्षणांत ऋतुचर्येची वाट बघायची नाही. शौचाला काळं होणं, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, जळजळीबरोबर छातीत दाब येऊन हात किंवा जबडा दुखणं: लगेच रुग्णालय. भाद्रपद-आश्विनात ताप दोन दिवसांपेक्षा टिकला तर रक्त तपासून घ्या. या दिवसांत डेंग्यू असतो, आणि गावी जाऊन शेतात, चिखलात उतरला असाल तर लेप्टोस्पायरोसिसचीही शंका घ्यावी लागते. तिथे काढ्यावर दिवस काढणं जिवावर बेतू शकतं.

आजपासून एक वही करा. रोज तीनच नोंदी: खरी भूक किती वाजता लागली, झोपण्याआधी शेवटचा घास किती वाजता गेला, जळजळ झाली का. बाकी काही लिहू नका. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपर्यंत लिहा आणि वैद्याकडे जाताना ती वही बरोबर न्या. पहिल्या आठवड्यात रात्री अडीच-तीनला भूक लागल्यासारखं वाटेल. ती जुनी सवय आहे, तेव्हा मनुका चघळा. दुसऱ्या आठवड्यात उठल्यावर तोंडाला आंबट चव नसेल, तर कढणाच्या थर्मासची वाटी निम्मी करा आणि साडेपाचच्या जेवणात भाताची एक मूद वाढवा.